पहाटेचा समुद्र आणि गरम वाटी: दा नांग, होई आनबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी मध्य व्हिएतनामच्या किनाऱ्यावर, म्हणजे दा नांग आणि होई आनला घालवलेल्या सुट्टीबद्दल दोन पानं लिहिली होती आणि त्यावर इतकी पत्रं आली की हे अख्खं सदर त्यालाच द्यावं लागतंय. तिथे मी तीनदा जाऊन आलेय, त्यामुळे जे स्वतः बघितलं-खाल्लं त्यावरूनच लिहितेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, ज्यांचं पत्र नाही दिसलं त्यांना उत्तर बहुतेक दुसऱ्याच कुणाच्या प्रश्नाखाली सापडेल.

ताई, आम्ही नवरा-बायको पहिल्यांदाच परदेशात चाललोय. सहा रात्री आहेत. एजंटने दिलेल्या प्लॅनमध्ये दा नांग सिटी टूर, बा ना हिल्सचा गोल्डन ब्रिज, मी सोनची मंदिरं, होई आन, चाम बेटं, हुएचा राजवाडा आणि मधेच विमानाने हनोई असं सगळं आहे. आम्हाला खरं म्हणजे समुद्र बघत निवांत बसायचंय आणि छान खायचंय. काय करू? – लग्नाला पंचवीस वर्षं झालेलं जोडपं

आधी पंचवीस वर्षांबद्दल मनापासून अभिनंदन! आता पहिलं काम करा, एजंटला फोन लावा आणि हनोई काढून टाकायला सांगा. हनोई सुंदरच आहे पण ती वेगळी ट्रिप आहे, सहा रात्रींत दोन वेळा विमानतळ गाठणं म्हणजे दीड-दोन दिवस बॅगा उचलण्यातच गेले समजा. तीन रात्री दा नांगला समुद्रासमोर आणि तीन रात्री होई आनला, बस्स. दोन्हींत अंतर जेमतेम तीस किलोमीटर, टॅक्सीने पाऊण-एक तास. (२०२५च्या जुलैपासून होई आनसुद्धा प्रशासनाच्या हिशोबात दा नांग शहरातच आलंय, त्यामुळे बुकिंगमध्ये होई आनच्या हॉटेलचा पत्ता दा नांग दिसला तर घाबरू नका, पण नकाशावर जागा बघूनच पैसे भरा.)

आता खरं सांगायचंय ते हे, की हा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. सूर्य समुद्रातून वर येतो, समुद्रात बुडत नाही. आणि तिथल्या लोकांचा दिवसही तसाच चालतो, समुद्र पहाटेचा, जेवणसुद्धा बरंचसं सकाळचं, दुपारी अकरा ते तीन ऊन इतकं कडक की गावातली माणसं दिसेनाशी होतात, आणि मग पाचनंतर पुन्हा सगळे बाहेर. आपले लोक नेमकं उलटं करतात, नऊ वाजता उठून हॉटेलचा नाश्ता, दहाला बसमध्ये, भर दुपारी बीचवर फोटो, आणि मग येऊन सांगतात की दा नांगला गर्मी फार, काही खास नाही वाटलं. माझं ऐका, प्लॅनमध्ये काय-काय बघायचं हे ठरवण्याआधी कधी उठायचं ते ठरवा.

जूनमध्ये सव्वापाचच्या सुमाराला सूर्य उगवतो, डिसेंबरमध्ये सहाच्या थोडं नंतर. दा नांगच्या 'मी खे' नावाच्या बीचवर तुम्ही पाचला पोचलात तर तुम्हाला वाटेल आपण उशिरा आलो, कारण अख्खं शहर आधीच पाण्यात असतं. आज्या गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या राहून गप्पा मारतायत, कुणी वाळूत व्यायाम करतंय, नातवंडांना पाठीवर घेऊन आजोबा पोहतायत. सात वाजेपर्यंत सगळे घरी जातात आणि किनारा रिकामा. तिथून उत्तरेला सोन त्राच्या डोंगराकडे चालत गेलात की मान थाय नावाचा कोळ्यांचा भाग लागतो, तिथे रात्रभर समुद्रात असलेल्या होड्या परततात. मोठी होडी आत खोल पाण्यात थांबते आणि तिथून मासळी किनाऱ्यावर आणतात त्या गोल टोपलीसारख्या होड्यांतून, बांबूच्या विणलेल्या, वरून राळ फासलेल्या, माणूस उभा राहून एकच वल्हं पुढ्यात इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत येतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा एका बाईने टोपली वाळूवर टेकायच्या आतच आत हात घालून दोन माकूळ (स्क्विड) उचलले, अजून अंगावर तपकिरी ठिपके पेटल्यासारखे मिटत-उघडत होते त्यांच्या, आणि तिने ते माझ्या नाकासमोर धरून काहीतरी विचारलं. भाषा कळली नाही पण "घेतेस का?" हेच असणार. तासाभरात तो सगळा बाजार संपतो आणि वाळूवर फक्त खवले उरतात.

असं एक बघितलं ना की मग गोल्डन ब्रिज राहिला तरी चालतो. तो २०१८ला उघडला, दोन प्रचंड दगडी दिसणारे हात पूल धरून आहेत, जागा चौदाशे मीटर उंचावर आणि केबल कारचा प्रवास खरंच छान आहे, पण अर्धा-पाऊण दिवस जातो आणि समुद्राशी त्याचा काही संबंध नाही. तुमची आवड बघता मी तो वगळीन आणि त्याजागी 'मी सोन' ही जागा घेईन, होई आनहून साधारण चाळीस किलोमीटर, चौथ्या ते तेराव्या शतकात, पूर्वी या भागावर राज्य करणाऱ्या चाम राजांनी बांधलेली शिवाची मंदिरं, लाल विटांची, डोंगराच्या कुशीत. तेही सकाळी लवकर, आठच्या आत. हुए पुढच्या वेळी, किंवा नुसता तिथपर्यंतचा रेल्वेप्रवास करा, त्याबद्दल खाली लिहिलंय.

आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. व्हिएतनाममध्ये आठ दिवस फळांवर काढावे लागतील असं सगळे सांगतायत. कॅन्सल करावं का? – एक काळजीत पडलेली सून

अजिबात कॅन्सल करू नका! पण नीट समजून घ्या, कारण तिथे 'व्हेज' हा शब्द आपल्या अर्थाने चालत नाही. भाज्या दिसल्या की व्हेज असं धरलंत तर हमखास फसाल. तिथल्या स्वयंपाकाचा जीव आहे नुऑक माम, म्हणजे बारीक मासे आणि मीठ मोठ्या पिंपांत महिनोन्‌महिने मुरवून काढलेलं पाणी, मिठाच्या जागी तेच पडतं. साधी लसूण घालून परतलेली हिरवी पालेभाजी मागवा, त्यात ते असू शकतं. नूडल्सच्या वाटीत वर एकही मांसाचा तुकडा नसला तरी खालचा रस्सा हाडांचा असतो. वेटर खोटं बोलत नसतो, त्याच्या दृष्टीने तुम्ही मांस नको म्हणालात आणि त्याने मांस घातलं नाही.

तुम्हाला पाहिजे तो शब्द आहे 'चाय'. हो, ऐकायला जवळजवळ आपल्या चहासारखाच. बौद्ध परंपरेतलं शाकाहारी जेवण म्हणजे चाय. "तोय आन चाय", मी चाय खाते, एवढं एक वाक्य पाठ करा. दुकानाच्या पाटीवर इंग्रजी अक्षरांत सी एच ए वाय असं लिहिलेलं शोधा, दा नांग आणि होई आन दोन्हीकडे अशी बरीच दुकानं आहेत, साधी, घरगुती, सकाळपासून चालू. तिथे मासे-मांसाचा रस्सा नाही, नुऑक माम नाही, त्याजागी सोयाबीनचं पाणी वापरतात. देवळांच्या परंपरेत कांदा-लसूण आणि त्या जातीच्या तीव्र वासाच्या भाज्याही वर्ज्य आहेत, त्यामुळे सासूबाईंची सोय देवळाजवळच्या चाय दुकानात जास्त चांगली होईल, तरीही प्रत्येक ठिकाणी विचारा कारण शहरातली काही चाय दुकानं लसूण वापरतात. अंड्याचंही विचारून घ्या.

एक गोष्ट आधीच घरात सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच जेवणाला गोंधळ होईल. चाय दुकानात समोर कोंबडीसारखे, कोळंबीसारखे, अगदी माशासारखे दिसणारे तुकडे येतात आणि मेनूवरही तीच नावं असतात. ते सगळं टोफू, सोया, गव्हाचं सत्त्व, मशरूम यांचं केलेलं असतं. माझ्याबरोबर असलेल्या एका मावशी ताट सरकवून उठल्याच होत्या, मालकीणबाईंनी मग आत नेऊन टोफूची लादी दाखवली तेव्हा कुठे परत बसल्या आणि नंतर दोनदा वाढून घेतलं.

आणि तारखांचं बघा. चांद्रमहिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले कित्येक लोक चाय खातात, त्या दिवशी एरवी मांसाहारी असलेल्या गाड्यांवरही चाय मिळतं. योगायोग असा की होई आनच्या जुन्या गावात दर चांद्रमहिन्याच्या चौदाव्या रात्री विजेचे दिवे मालवून कंदिलांचा उत्सव करतात. आपल्या कॅलेंडरवर शुद्ध चतुर्दशी आणि पौर्णिमा बघून तिकीट काढलंत (एखाद्या दिवसाचा फरक पडतो, तिथली तारीख तपासा) तर रात्री कंदील आणि दुसऱ्या दिवशी गावभर चाय जेवण, दोन्ही साधेल. सासूबाईंना होई आनचं काव लाउ नक्की खिलवा, चाय प्रकारात मिळतं. जाडसर, तपकिरी, चावायला लागणाऱ्या नूडल्स, तळाशी दोन चमचेच रस्सा, वर कुरकुरीत तळलेले चौकोनी तुकडे आणि बाजूच्या त्रा क्वे गावातला ताजा पाला. हा पाला नदीतलं शेवाळ खत म्हणून घालून वाढवतात. तिथले लोक सांगतात की खऱ्या काव लाउच्या नूडल्सना होई आनच्याच एका जुन्या विहिरीचं पाणी आणि चाम बेटांवरच्या झाडांची राख लागते, म्हणून ते दुसऱ्या गावात तसं होत नाही. खरंखोटं मी सांगू शकत नाही पण दा नांगला खाल्लेलं काव लाउ मला तरी नुसत्या नूडल्स वाटल्या.

सीफूड खायलाच चाललोय, पण तिथे टुरिस्टला लुटतात असं व्हिडिओत बघितलं. टाकीतला मासा निवडायचा वगैरे कसं असतं? – चार मित्र

लुटतात असं सरसकट म्हणणं त्या लोकांवर अन्याय आहे, पण न विचारता खाल्लं तर बिल बघून धक्का बसतो हे खरं. माझ्याबाबतीत पहिल्या ट्रिपला झालंय. एका दुकानात मोठी कोळंबी बोटाने दाखवली, किती असं विचारलं तर त्याने एक आकडा सांगितला, मी समजले प्लेटचा, तो होता शंभर ग्रॅमचा. तेव्हापासून तीन गोष्टी मी कधीच चुकवत नाही.

भाव किलोचा का शंभर ग्रॅमचा ते आधी फोनच्या कॅल्क्युलेटरवर टाइप करून घ्यायचं. मेनूवर आकड्याऐवजी 'थोय झा' लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ त्या दिवसाचा बाजारभाव, तेव्हा तर विचारायचंच. मग वजन समोर करून घ्यायचं, जाळीच्या टोपलीतलं पाणी निथळू द्यायचं आणि काट्यावरचा आकडा आपण स्वतः बघायचा. आणि तुम्ही निवडलेलाच मासा आत जातोय हे बघेपर्यंत टाकीपाशीच उभं राहायचं. कुणाला यात वाईट वाटत नाही, तिथली गिऱ्हाइकंही हेच करतात. टेबलावर आधीच ठेवलेले शेंगदाणे आणि थंड ओला रुमाल यांचे बऱ्याच ठिकाणी थोडे पैसे लागतात, ती लूट नाही, तशी पद्धतच आहे.

आता खाण्याचं. चौघं आहात तर नशीबवान आहात, चार प्रकार मागवता येतील. पहिल्यांदा शिंपल्या, गवती चहा आणि मिरची घालून वाफवलेल्या, भांडं झाकण लावूनच येतं आणि ते उघडल्यावर जो वास येतो त्यासाठी मी पुन्हा तासन्‌तास विमानात बसायला तयार आहे. तळाचा रस्सा सोडू नका, वाटीत ओतून प्या. मग स्कॅलप, म्हणजे पंख्यासारखा शिंपला, निखाऱ्यावर भाजून वर कांद्याच्या पातीचं गरम तेल आणि कुटलेले दाणे. एखादा अख्खा मासा, वाफवलेला मागितला तर 'हप' म्हणायचं आणि भाजलेला हवा तर 'नुओंग'. तळलेलं कमीत कमी घ्या, ताज्या माशाला तळून त्याची चव घालवायची कशाला.

बरोबर एक छोटी बशी येते, तिच्यात मीठ, मिरपूड आणि हिरव्या लिंबाची फोड. बरेच जण ती तशीच बाजूला ठेवतात कारण कळत नाही काय करायचं. लिंबू त्या मीठ-मिरपुडीवर पिळायचं, चॉपस्टिकच्या टोकाने ढवळायचं, आणि मासा त्यात नुसता टेकवून खायचा. मसाला एवढाच. पहिले दोन घास फिकं वाटेल, कारण आपली जीभ वाटणाची वाट बघत असते, तिसऱ्या घासाला माशाची स्वतःची गोडी लागायला लागते. बरोबर आणलेली चटणी आणि लोणचं तेवढ्यापुरतं बॅगेतच राहू द्या ही विनंती.

संध्याकाळी साडेपाच-सहाला जा. सातनंतर मोठे ग्रुप येतात आणि चांगला माल संपलेला असतो. शिवाय अंधार पडला की समोर समुद्रात क्षितिजावर हिरवट-पांढऱ्या दिव्यांची एक ओळ लागते, त्या माकूळ पकडणाऱ्या होड्या. माकूळ उजेडाकडे येतात म्हणून दिवे. जेवता जेवता ते बघणं हाच तिथला टीव्ही.

ऑक्टोबरच्या शेवटी दिवाळीच्या सुट्टीत चालेल का? – एक कुटुंब

नाही. मध्य व्हिएतनामचा पाऊस सप्टेंबर ते डिसेंबर आणि सगळ्यात जोरात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. दुसऱ्यांदा मी नेमकी तेव्हाच गेले होते, होई आनमध्ये थू बोन नदीचं पाणी दुकानांच्या उंबऱ्यावरून आत, चाम बेटांच्या बोटी चार दिवस बंद, आणि आम्ही खोलीत. ज्यांची घरं बुडतात त्यांच्यासाठी तो फोटो काढायचा प्रसंग नाही हेही तेव्हा कळलं. फेब्रुवारी ते मे सगळ्यात छान, जून ते ऑगस्ट ऊन कडक पण समुद्र शांत आणि बेटांसाठी उत्तम. दिवाळीतच जायचं असेल तर दुसरा देश बघा.

मला सूर्यास्ताचे फोटो हवेत. दा नांगचा बेस्ट सनसेट बीच कुठला? – हौशी फोटोग्राफर

वर लिहिलंच, बीचवर सूर्य मावळताना दिसणार नाही, पाठीमागे बिल्डिंगांत जातो. पण नाराज होऊ नका. सोन त्रा द्वीपकल्पाच्या पश्चिम अंगाला जा, तिथून दा नांगचा उपसागर आणि पलीकडे हाय व्हानचे डोंगर, सूर्य त्या डोंगरांमागे जातो आणि पाण्यावर बराच वेळ जांभळट रंग राहतो. दुसरी जागा होई आन आणि आन बांग बीच यांच्यामधली भातशेती, सायकलने, हातात काही न धरता नुसतं थांबून बघायची. शनिवार-रविवारी रात्री नऊला दा नांगचा ड्रॅगन ब्रिज आग आणि पाणी फेकतो, ६६६ मीटर लांबीचा, २०१३ला उघडलेला पूल, तो फोटोही मिळेल, फक्त ड्रॅगनच्या तोंडाशी उभे राहिलात तर कॅमेरा भिजणार.

आणि सोन त्राच्या जंगलात लाल पायांची डूक माकडं आहेत, अंगावर पाच रंग, दुर्मीळ. दिसली तर लांबूनच काढा, खायला देऊन जवळ बोलवू नका.

वडील बहात्तर वर्षांचे, गुडघे दुखतात, पण निसर्गाची प्रचंड आवड. त्यांना काय दाखवता येईल? – मुलगा

त्यांना रेल्वेत बसव. दा नांगहून उत्तरेला हुएकडे जाणारी गाडी हाय व्हानच्या डोंगराच्या कडेकडेने जाते, अडीच ते चार तासांचा प्रवास, आणि त्यातला मधला तास-सव्वातास असा आहे की गाडी अगदी हळू वळणं घेते, एका बाजूला झाडी खिडकीला घासते आणि दुसऱ्या बाजूला खाली सरळ समुद्र, लहान लहान किनारे जिथे रस्ताच जात नाही. जाताना उजव्या हाताची खिडकी घे, हे बुकिंग करतानाच बघ कारण नंतर बदलून मिळत नाही. पुढे लांग कोची खाडी दिसते, एका अंगाला सरोवरासारखं शांत पाणी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. बाबांना न चालता सगळं दिसेल.

वरून खिंडीचा रस्ताही आहे, एकवीस किलोमीटर, माथा ४९६ मीटरवर. हाय व्हान म्हणजे समुद्रावरचे ढग, आणि माथ्यावर खरंच बरेचदा ढगच असतात. २००५मध्ये खालून बोगदा झाल्यापासून बहुतेक ट्रक-बस तिकडून जातात, त्यामुळे वरचा रस्ता मोकळा असतो. गाडी आणि ड्रायव्हर करून जा. तू स्वतः स्कूटर घेऊन जायचा विचार करत असशील तर नको, आपल्याकडे मिळणारं आंतरराष्ट्रीय लायसन्स १९४९च्या करारातलं असतं आणि व्हिएतनाम १९६८च्या करारातलं मानतं, म्हणजे अपघात झाला तर इन्शुरन्स हात वर करेल. भाड्याने देणारा काही विचारत नाही म्हणून ते कायदेशीर होत नाही.

दा नांगजवळच्या मार्बल माउंटन या टेकड्यांपैकी थुई सोन टेकडीला लिफ्ट आहे, पण वर गेल्यावर आतल्या गुहांना पायऱ्या आहेतच, तेव्हा बाबांना वरच्या देवळाच्या अंगणापर्यंत ने आणि तिथेच बसव. त्यापेक्षा सोन त्रावरचा लिन उंग पॅगोडा सोपा, गाडी जवळपर्यंत जाते. ६७ मीटर उंच पांढरी मूर्ती समुद्राकडे बघत उभी आहे आणि अंगणाच्या कठड्यावरून मी खे बीचची अख्खी चंद्रकोर दिसते.

मी २६, एकटीच चाललेय. फिरायची भीती नाही वाटत, पण एकटीने रस्त्यावरच्या टपरीवर बसून जेवायला फार अवघड वाटतं गं ताई. – एकटी

अगं, व्हिएतनामसारखी दुसरी जागा नाही एकटीने जेवायला! तिथल्या टपरीवर बहुतेक एकच पदार्थ असतो. मेनू नाही, निवड नाही, म्हणजे बोलायचंही काही नाही. लाल-निळ्या प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसायचं, एक बोट दाखवायचं, वाटी येते. शेजारी ऑफिसला जाणारा माणूस, शाळेचा मुलगा, सगळे एकएकटे बसून खात असतात, कुणी कुणाकडे बघत नाही. पाल्याची परडी मधे असते, त्यातून हवा तेवढा पाला तोडून घालायचा.

बान सेओ खायला मात्र जा एकटीच. तांदळाचं पीठ आणि हळद, तापलेल्या लहान तव्यावर ओतलं की 'सेSSओ' असा आवाज होतो, त्या आवाजाचंच नाव पडलंय. आत कोळंबी, डुकराचं मांस आणि मोड आलेले मूग. बघायला आंबोळीसारखं, पण कडा काचेसारख्या कुरकुरीत. माझ्यासमोर ते आलं तेव्हा मी सरळ चॉपस्टिकने तोडायला लागले, तेवढ्यात तवा सांभाळणारी आजी उठून आली, माझ्या हातातून चॉपस्टिक काढून घेतल्या, तळहातावर तांदळाचा पातळ कागद ठेवला, वर पाला, काकडी, मग बान सेओचा तुकडा, अंगठ्याने दाबत गुंडाळी केली आणि दाण्याच्या दाट चटणीत बुडवून माझ्या हातात दिली. दुसरी मला करायला लावली, सुटली. तिसरी जमली. तेव्हा ती परत तव्याकडे गेली. माझ्याबरोबर चार माणसं असती तर ती कधीच उठून आली नसती असं मला अजून वाटतं. (त्या चटणीत बरेचदा डुकराचं काळीजही असतं, खात नसशील तर आधी विचार.)

तिथे नोटांवर खूप शून्य असतात, गोंधळ होतो म्हणे? – एक काका

होतो काका, आणि विशेषतः एका जोडीचा. वीस हजार डाँगची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळसर, अंधारात टॅक्सीत हमखास अदलाबदल होते. पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा. वीस हजारच्या नोटेच्या मागे होई आनचा जपानी पूल आहे, सोळाव्या शतकाच्या शेवटी बांधायला घेतलेला, छप्पर असलेला. तो ओळखायला शिका, पैसे वाचतील आणि पुलासमोर उभं राहून नोट हातात धरून बघायला मजाही येते.

आमच्या हॉटेलात नाश्ता फुकट आहे, तुम्ही सकाळी बाहेर खा म्हणता. पैसे भरलेत ते वाया का घालवायचे? – एक हिशोबी गृहिणी

तुमचं बरोबर आहे, रोज सोडू नका. एकच दिवस सोडा. समुद्रावरून ओल्या केसांनीच परत येताना सहा-साडेसहाला, गल्लीत जिथे सगळ्यात जास्त स्कूटर उभ्या असतील तिथे शिरा आणि मी क्वांग घ्या. हळदीने पिवळ्या झालेल्या रुंद नूडल्स, कोळंबी, दाणे, केळफुलाचे बारीक काप, रस्सा अगदी बोटभरच, आणि सोबत तिळाचा मोठा भाजलेला पापड, तो हाताने चुरून वाटीत घालायचा आणि मऊ पडायच्या आत खायचा. त्यावर गाळणीतून एकेक थेंब पडणारी कॉफी, तळाशी घट्ट दूध, बर्फ घालून. तिला पाच-सात मिनिटं लागतात, घाई करून ढवळू नका.

ऑम्लेट दहा वाजेपर्यंत हॉटेलात मिळतं. मी क्वांगचं पातेलं मी बघितलेल्या चांगल्या दुकानांत साडेआठ-नऊला पालथं पडलेलं असतं, आणि बाई रस्त्याच्या कडेला बसून उद्याचा पाला निवडत असते.